ऑप्टिक्स किट मागवलं, जीव जडला एका दगडावर

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन स्टार देतोय आणि त्यातले अडीच एकट्या कॅल्साइट नावाच्या स्फटिकाचे आहेत. किट बनवणाऱ्यांना हे बहुतेक माहीतच नसावं, कारण डब्यावर मोठ्ठा फोटो छापलाय तो फायबरच्या झुपकेवाल्या दिव्याचा, आतल्या पुस्तिकेत प्रिझमला तीन पानं दिलीत आणि कॅल्साइटला चार ओळी. चार! त्यातली एक ओळ "स्फटिक काळजीपूर्वक हाताळा" अशी आहे, त्यावर शेवटी येतोच.

हेच किट तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं असं दिसतंय म्हणून नाव लिहीत नाही, आतल्या वस्तूंवरून ओळखा. लाल आणि हिरवा असे दोन लेझर पॉइंटर, ॲक्रिलिकचा अर्धगोल ठोकळा, ॲक्रिलिकचंच प्रिझम, १ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक फायबरचं ५ मीटरचं वेटोळं, तो दिवा, पोलरॉइडचे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्मचे) दोन तुकडे, मिलिमीटरला ५०० रेघा असलेली, प्रकाशातले रंग वेगळे करणारी ग्रेटिंग स्लाइड, कॅल्साइटचा खडा आणि युलेक्साइट नावाचा एक पांढरट दगड. मी फायबर स्प्लायसिंगच्या, म्हणजे इंटरनेटच्या फायबर जोडायच्या कामात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे डबा भाचीसाठी मागवलाय असं घरी कितीही सांगितलं तरी तो कोणासाठी होता हे सगळ्यांना कळलंच.

सुरुवात ठोकळ्यापासून. लेझर गोल बाजूने बरोबर मध्यबिंदूकडे सोडायचा म्हणजे आत शिरताना तो वाकत नाही, आणि मग सपाट बाजूला काय होतं ते बघायचं. आधी किरण थोडा वाकून बाहेर पडतो आणि एक फिकट किरण आत परत येतो. ठोकळा फिरवत गेलं की बाहेरचा किरण सपाट बाजूला लगटत लगटत जातो, शेवटच्या एक-दोन अंशांत आतला किरण झपकन उजळतो आणि बाहेरचा संपतो, सगळा प्रकाश आतच. शाळेत पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून पाठ केलेलं हेच ते, पण पाठ करणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने ठोकळा फिरवून तो क्षण पकडणं वेगळं, भाचीने निदान वीस वेळा पकडला.

ज्या कोनाला प्रकाश बाहेर पडायचा थांबतो तो क्रांतिक कोन, पुस्तिकेत तो ४८ अंश लिहिलाय. आमच्या कोनमापकावर दरवेळी ४२ येत होता. मला वाटलं आमचंच चुकतंय, मग गणित केलं. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचा आकडा) साधारण १.४९, त्यावरून कोन येतो ४२ अंश. ४८-४९ हा पाण्याचा कोन, पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे ना. म्हणजे कुठल्यातरी पाण्याच्या प्रयोगावरून आकडा उचलून इथे चिकटवलाय. (हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ म्हणून कोन जेमतेम २४ अंश, आत शिरलेला प्रकाश सुटायला वाट शोधत भिंतींवर आपटत राहतो, चमक येते ती बरीचशी त्यामुळे.) भाची म्हणाली, "मामा, पुस्तकात चूक कशी असेल?" म्हटलं, तूच मोज परत. तिने मोजलं आणि पेनाने ४८ खोडून ४२ लिहिलं. माझ्या मते पैसे तिथेच वसूल.

प्रिझमबद्दल फार लिहीत नाही. ॲक्रिलिक रंग फारसे फाकवत नाही, जड फ्लिंट काचेचं प्रिझम असतं तर मजा आली असती, इथे पांढऱ्या टॉर्चचा पट्टा म्हणजे कडेला जरा लाल आणि जरा निळा इतकंच. ग्रेटिंग मात्र झकास आहे. एक गोष्ट आवर्जून करून बघा, प्रिझममध्ये लाल सगळ्यात कमी वळतो आणि ग्रेटिंगमध्ये सगळ्यात जास्त, दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी पाडले की रंगांचा क्रम उलटा दिसतो. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही.

आता फायबर, म्हणजे माझं घरचं मैदान, म्हणून जरा जास्त कुरकुर करणार आहे. तो दिवा म्हणजे खाली एलईडी आणि वर बारीक प्लास्टिकच्या काड्यांचा झुपका, टोकं चमकतात, दोन मिनिटं छान वाटतं, शिकण्यासारखं शून्य. वेटोळं मात्र कामाचं आहे, पण त्याची टोकं कात्रीने कचाकच कापून दिलीत. अहो, फायबरमध्ये निम्मी इज्जत टोकाची असते. काचेच्या फायबरला आम्ही कोटिंग सोलून, अल्कोहोलने पुसून, क्लीव्हरवर, म्हणजे फायबर कापायच्या यंत्रावर घेतो तेव्हा कुठे काटकोनात आरशासारखा छेद मिळतो. प्लास्टिकला एवढं लागत नाही, धारदार ब्लेडने सरळ काप घ्या आणि अगदी बारीक पॉलिश पेपरवर आठच्या आकड्यात घासा. मी घासण्याआधी आणि नंतर लाल लेझर सोडून भिंतीवरचा ठिपका बघितला, आधी खरकटल्यासारखा डाग होता, नंतर स्वच्छ गोल.

मग वेटोळ्याला सैल गाठ मारायची आणि हळूहळू आवळायची. सैल असेपर्यंत काही नाही, घट्ट व्हायला लागली की गाठच लाल पेटते, कारण वळण तीव्र झालं की किरण भिंतीवर जास्त उभा आपटतो, क्रांतिक कोनाची अट मोडते आणि प्रकाश बाहेर गळतो. आम्ही फॉल्ट शोधायला रेड लाइट मारतो तो याच तत्त्वावर, जिथे फायबर दबलीय किंवा तुटलीय तिथे लाल दिसतं. भाचीला म्हटलं मामाची नोकरी ही एवढीच आहे. ती म्हणाली, "गाठी सोडवायची?" बरोबरच आहे तसं.

पुस्तिका म्हणते "अशाच तारेतून इंटरनेट हजारो किलोमीटर जातं आणि प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगाने धावतो." दोन्ही चूक. ३ लाख निर्वात पोकळीत, काचेच्या फायबरमध्ये साधारण २ लाख, म्हणजे २०० किलोमीटरला १ मिलिसेकंद जातोच. आणि "अशाच तारेतून" तर अजिबातच नाही. या प्लास्टिकमध्ये लाल प्रकाश साधारण २० मीटरला निम्मा होतो, १ किलोमीटर पलीकडे काळोख. लांब पल्ल्याची फायबर अतिशय शुद्ध सिलिका काचेची असते, बाहेरून १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि प्रकाश जातो तो गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास. १९६६ मध्ये चार्ल्स काओ या अभियंत्यांनी मांडलं होतं की काचेतली अशुद्धी काढली तर लॉस, म्हणजे वाटेत होणारी प्रकाशाची घट, किलोमीटरला २० डीबीच्या खाली येईल आणि मग फायबर संदेशवहनाला चालेल. २० डीबी म्हणजे १ किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरतो, तेव्हा तेवढंसुद्धा स्वप्न वाटत होतं. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीने १७ डीबीची फायबर काढली. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरमागे ०.२ डीबी लागतो, म्हणजे तोच २० डीबी आता १०० किलोमीटरला. मी रोज मशीनवर जोडातल्या लॉसचे ०.०२, ०.०३ डीबी असे आकडे बघून नाक मुरडतो, पण किलोमीटर-किलोमीटर जाडीची काच आरपार दिसते ही गोष्ट किट घेईपर्यंत अशी डोक्यात शिरलीच नव्हती. आणि हो, कुठल्याही चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश इन्फ्रारेड असतो, दिसत नाही पण इजा करू शकतो.

डोळ्याचा विषय निघालाच आहे तर हिरव्या लेझरबद्दल माझी खरी तक्रार. त्यावर "५ मिलीवॉटपेक्षा कमी" एवढंच लिहिलंय, सुरक्षिततेचा क्लास नाही, तरंगलांबी नाही. या किटमधला हिरवा पॉइंटर खरं तर आतून इन्फ्रारेडवर चालतो. ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका निओडिमियमवाल्या स्फटिकाला पेटवतो, तो १०६४ देतो, आणि केटीपी नावाचा दुसरा स्फटिक दोन-दोन फोटॉन जोडून ५३२ चा हिरवा बनवतो. म्हणजे दहा बोटांत मावणाऱ्या पॉइंटरमध्ये नॉनलिनिअर ऑप्टिक्स, म्हणजे प्रकाशाचा रंगच बदलून टाकणारं शास्त्र! ही तरंगलांबी निम्मी करायची करामत पहिल्यांदा १९६१ मध्ये पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झवर रुबी लेझर मारून दाखवली, आणि छापताना फोटोतला तो इवलासा ठिपका धुळीचा कण समजून पुसला गेला, शोधनिबंधाचा सगळा पुरावाच तो ठिपका होता.

पण आत इन्फ्रारेड आहे म्हटल्यावर पुढे फिल्टर हवा, स्वस्तात तो गाळतात. तपासायला आपली ग्रेटिंग आहेच. भिंतीपासून १ मीटरवर ग्रेटिंग धरली की हिरवा ठिपका मधल्यापासून २७-२८ सेंटिमीटरवर पडतो, त्यावरून ५३२ निघतं. डोळ्याला तेवढंच दिसलं, पण फोनच्या फ्रंट कॅमेऱ्यातून बघितलं तर ४४ सेंटिमीटरच्या आसपास एक फिकट ठिपका होता, म्हणजे ८०८ गळतोय. १०६४ चा या पद्धतीने पत्ता लागत नाही कारण त्याची जागा ६३ सेंटिमीटरला येते आणि हिरव्याचा दुसरा, आणखी बाहेरचा ठिपका नेमका तिथेच पडतो. काहीही असो, हिरवा पॉइंटर मी काढून माझ्या कपाटात ठेवलाय, लालवर सगळं होतं. अर्धा स्टार इथे कापला.

युलेक्साइट छान आहे, छापील कागदावर ठेवला की अक्षरं दगडाच्या वरच्या पृष्ठभागावर आल्यासारखी दिसतात, कारण आत एकमेकांना समांतर बारीक स्फटिकतंतू असतात आणि प्रत्येक तंतू फायबरचं काम करतो. दगडाने हे आमच्या आधी केलंय. फक्त धुवू नका, विशेषतः गरम पाण्याने, थोडा विरघळतो.

पोलरॉइड दोनच दिलेत ही कंजुषी. दोन आडवे-उभे धरले की अंधार, पण खरा धक्का तिसऱ्याने बसतो, मध्ये तिरका ४५ अंशात घातला की अंधारातून प्रकाश परत येतो. मी मोडक्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची फिल्म सोलून वापरली. सेलोटेपचे थर काचेवर चिकटवून दोन पोलरॉइडमध्ये धरा, जे रंग येतात ते प्रिझमपेक्षा शंभरपट भारी.

आणि आता कॅल्साइट. साधारण २ सेंटिमीटर जाड, तिरप्या विटेसारखा, स्वच्छ. कागदावर एक टिंब काढलं, वर ठेवला, दोन टिंबं, मध्ये २ मिलिमीटरहून जरा जास्त अंतर. फिरवला तर एक टिंब जागचं हलत नाही आणि दुसरं त्याच्याभोवती फेरी मारतं. मी खुर्ची ओढून बसलोच. शाळेपासून डोक्यात बसलंय की किरण सरळ उभा आत शिरला तर वाकत नाही, इथे एक किरण उभा शिरून चक्क ६ अंश कडेला जातो. कारण या स्फटिकाला अपवर्तनांक दोन आहेत, १.६६ आणि १.४९, प्रकाशाचं कंपन कुठल्या दिशेत आहे त्यावर कुठला लागू ते ठरतं. वरून पोलरॉइड फिरवा, एक टिंब मावळतं, ९० अंश फिरवा, दुसरं मावळतं. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या एरास्मस बार्थोलिन या शास्त्रज्ञाने आइसलँडहून आलेल्या अशाच खड्यात हे पाहून लिहून ठेवलं. पुढे १८०८ मध्ये पॅरिसमध्ये मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाने खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेला सूर्य याच स्फटिकातून पाहिला तेव्हा एक प्रतिमा फिकी झाली, परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याचं कंपन एका दिशेत येतं, हे तिथून कळलं. तुम्ही सूर्याकडे जाऊ नका, टेबलाच्या काचेवर पडलेली दिव्याची तिरीप बघितली तरी पुरे.

आता "काळजीपूर्वक हाताळा". भाचीच्या हातून पडला. मला वाटलं खेळ संपला, उचलून बघतो तर तीन तुकडे, आणि तिन्ही तिरप्या विटाच, कोनमापकावर तेच १०२ आणि ७८ अंश. तिला मी रागवायचं विसरलो. कारण ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६९० मध्ये छापलेला जो प्रयोग करायला दोन स्फटिक लागतात ते आता माझ्याकडे होते. एकावर एक ठेवले, टिंबं चार. वरचा फिरवत गेलो तर दोन उजळत जातात, दोन विरत जातात, काटकोनात पोचलं की दोनच उरतात. हायगेन्सने दोन प्रतिमांचं गणित लहरींवरून सोडवलं होतं पण या दुसऱ्या स्फटिकापुढे हात टेकले आणि तसं प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं.

तर किट बनवणाऱ्यांनो, तो दिवा काढा आणि त्या जागी दुसरा कॅल्साइट टाका, एक पोलरॉइड वाढवा, पुस्तिकेतला ४८ दुरुस्त करा, हिरव्याला फिल्टर लावा नाहीतर देऊच नका. पाच स्टार देतो. दिव्याचे सेल मी काढून लाल लेझरला घातलेत.