पदवी होती म्हणून कुणी तपासलंच नाही

दुबईला जाण्यासाठी मी एजंटला १ लाख ८० हजार रुपये दिले. पावती मिळाली २५ हजारांची, तीही 'डॉक्युमेंटेशन'च्या नावाने. बाकीचे रोख गेले. सिव्हिलची पदवी हातात येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. मला आलं होतं तसंच ऑफर लेटर आता माझ्या कॉलेजच्या मुलांना येतंय, ते मला फोटो पाठवून विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

लेटरहेड होतं, शिक्का होता, सही होती. 'ट्रेनी साईट इंजिनिअर', महिना ४,५०० दिरहम, राहणं आणि साईटपर्यंतचा प्रवास कंपनीचा. इंटरव्ह्यू फोनवर झाला, वीस मिनिटं. कॉलममध्ये लॅप (सळयांचा जोड) कुठे द्यायचा, कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) किती, काँक्रीटचे नमुन्याचे क्यूब सात आणि अठ्ठावीस दिवसांनी का फोडतात, असे प्रश्न होते. विचारणाऱ्याला काम माहीत होतं हे उघड होतं, आणि माझी शंका तिथेच संपली. आता कळतं की साईटवर दोन वर्षं काढलेला कुणीही हे प्रश्न विचारू शकतो. प्रश्न खरे होते, नोकरी खरी नव्हती.

बाबा तेवढं एक म्हणाले, "अरे, नीट चौकशी केलीस का?" मी म्हणालो, "बाबा, इंजिनिअरची नोकरी आहे, मजुरीची नाही." फसवणूक होते ती लिहिता-वाचता न येणाऱ्यांची, असं मी खरोखर धरून चाललो होतो.

इथेच मी चुकलो. दहावी न झालेला कामगार यूएईत नोकरीला निघाला की १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टप्रमाणे त्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी त्याचा करार, पगार, विमा हे सगळं सरकारपुढे यावं लागतं. दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणजे माझ्यासोबत विमानात बसलेल्या गवंड्याचा करार कुणीतरी पाहिला होता, माझा कुणीच पाहिला नव्हता. ज्या पदवीच्या जोरावर मी निर्धास्त होतो, तिच्यामुळेच मी त्या चाळणीबाहेर राहिलो. मात्र एजंटचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत. त्याच्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना हवा, फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही, आणि घेतलेल्या पैशाची पावती द्यावी लागते. परवाना असलेल्यांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येते. मला ती पाहायला पाच मिनिटं लागली असती. मी पाहिली परत आल्यावर. त्या माणसाचं नाव तिथे नव्हतं.

निघायच्या आधी त्याने माझी मूळ पदवी मागून घेतली. अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे शिक्के, करायचंय म्हणाला. विद्यापीठ, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग यूएईचा दूतावास, हा रस्ता खरा आहे, इंजिनिअरच्या पदासाठी तो लागतोच. म्हणून मी मुकाट्याने दिली. अटेस्टेशन झालंच नाही, पदवी त्याच्याकडेच राहिली, आणि पुढे मी पैशांचा विषय काढला की तो पदवीचा विषय काढायचा.

व्हिसा आला तो ६० दिवसांचा, व्हिजिट, म्हणजे पर्यटकाचा. एजंट म्हणाला, "तिकडे पोचल्यावर कंपनी कन्व्हर्ट करून घेते, सगळे असेच जातात." हे वाक्य ज्याला कुणी ऐकवेल त्याने तिथेच थांबावं, कारण ते अर्धं खरं आहे. व्हिजिटवर गेलेल्या माणसाचा दर्जा बदलून त्याला नोकरीचा व्हिसा मिळू शकतो, हे बरोबर. पण वर्क परमिट येईपर्यंत साईटवर काम करणं तिथल्या कायद्यात गुन्हा आहे, हे त्या वाक्यात नसतं.

मी २०२३ च्या मे महिन्यात गेलो. विमानतळावरून गाडीने थेट सोनापूरच्या लेबर कॅम्पमध्ये नेलं, एका खोलीत आठ जण. दुसऱ्या दिवशी पीआरओ (कंपनीची सरकारी कागदपत्रं पाहणारा माणूस) आला आणि 'व्हिसाचं स्टिकर लावायला' म्हणून पासपोर्ट घेऊन गेला. यूएईने रहिवासी व्हिसाचं स्टिकर पासपोर्टवर लावणं एप्रिल २०२२ पासून बंद केलं होतं. वर्षभर आधी संपलेल्या प्रथेचं कारण सांगून त्याने पासपोर्ट नेला आणि मी दिला. यूएईच्या २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे मालकाला कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, भरतीचा खर्चही त्याच्याकडून वसूल करता येत नाही. हेसुद्धा मी नंतर वाचलं.

काम मात्र इंजिनिअरचंच होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. १५ जूनपासून दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद असतं, त्यात काँक्रीट ३२ अंशांच्या वर गेलं की आमच्या साईटवर ट्रक परत जायचा, म्हणून स्लॅब रात्री ओतायचे. मी संध्याकाळपासून स्टील मोजायचो, सळया जागेवर धरणारे चेअर आणि कव्हर ब्लॉक, पाइपांसाठीचे स्लीव्ह तपासायचो, पहाटेपर्यंत स्लम्प (काँक्रीट किती पातळ आहे याची चाचणी) घ्यायचो, क्यूब भरून घ्यायचो. सकाळी इन्स्पेक्शन रिक्वेस्ट (तपासणीचा अर्ज) कन्सल्टंटकडे जायची तेव्हा तपासणाऱ्याच्या रकान्यात दुसऱ्याच इंजिनिअरचं नाव असायचं. त्याला मी कधी पाहिलं नाही. मी तपासलेल्या स्लॅबची जबाबदारी त्याच्या नावावर चढत होती आणि मी त्या साईटवर कुठेच नव्हतो. कागदावर मी पर्यटक होतो. मला काही झालं असतं, किंवा मी पाहिलेल्या स्टीलमध्ये काही निघालं असतं, तर कुणी काय उत्तर दिलं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

पगार म्हणून दोन महिन्यांत हातावर १,००० दिरहम टेकवले. तिथे पगार बँकेतून, वेज प्रोटेक्शन सिस्टिम या सरकारी व्यवस्थेच्या नोंदीत द्यावा लागतो. माझी नोंदच नव्हती, मग पगार येणार कुठून!

डोळे उघडले ते फोरमनने. केरळचे होते, आखातात तीस वर्षं काढलेले. एका रात्री काँक्रीट ओतणं थांबलं होतं तेव्हा म्हणाले, "बेटा, तेरा व्हिसा का कागज दिखा." मोबाईलवर दाखवला. प्रायोजकाच्या जागी बोट ठेवून ते गप्प बसले. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, एका ट्रॅव्हल एजन्सीचं होतं. नोकरीच्या एन्ट्री परमिटवर कंपनीचं नाव आणि तुमचा हुद्दा दोन्ही असतात. मी तो कागद घरी दहा वेळा पाहिला होता, पण माझं नाव आणि तारीख सोडून त्यातलं काहीच वाचलं नव्हतं.

बावन्नाव्या दिवशी पीआरओ सहीसाठी कागद घेऊन आला. यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाचं खरं ऑफर लेटर. २०१६ पासून ते ठरलेल्या नमुन्यात असतं, अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला समजेल अशी तिसरी भाषा. माझ्या कागदावर हिंदी होती. 'निर्माण मजदूर', मूळ पगार ९०० दिरहम. आधीचं ४,५०० चं लेटर मी पुढे केलं तर म्हणाला, "वो तो एजंट का है, हमारा नहीं." आणि मग, "पद सिर्फ कागज पे है, काम तो इंजिनिअर का ही करेगा ना?"

मोह झाला होता, खोटं सांगत नाही. घरी कर्ज होतं. पण त्या हुद्द्यावर सही केली असती तर पुढची दोन वर्षं माझा कागदोपत्री अनुभव मजुराचा झाला असता. मंत्रालयाचं हे पत्र भारतात असतानाच सहीला यायला हवं, आणि त्यात लिहिलेला करार पुढे कामगाराच्या तोट्याचा करता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी मागायचं ते हेच पत्र. लेटरहेडवरचं नाही. ते नसेल तर नोकरी नाही.

मी सही केली नाही. जेवण बंद झालं, पासपोर्ट मिळेना. तक्रार करायला भीती होती, कारण बेकायदा काम मीही केलं होतं, आणि या सगळ्यांचा भरवसा त्याच भीतीवर असतो. शेवटी फोरमननीच प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा नंबर दिला, ८०० ४६३४२. तो दुबईत फुकट लागतो, चोवीस तास. तिथे मी सगळं खरं सांगितलं, मी व्हिजिटवर काम केलं तेही. भारताच्या वाणिज्य दूतावासातून कंपनीला फोन गेल्यावर पासपोर्ट आठवड्याभरात परत आला. तोवर व्हिसा संपून १९ दिवस झाले होते. दिवसाला ५० दिरहमप्रमाणे ९५० दिरहम दंड झाला. तो आणि तिकिटाचे पैसे खोलीतल्या मुलांनी गोळा केले. त्यांचे मी फेडले, वर्षभरात.

इथे आल्यावर पोलिसांत तक्रार दिली. २५ हजारांच्या पावतीमुळे निदान एवढं सिद्ध झालं की मी त्याच्याकडे गेलो होतो. रोख दिलेल्या १ लाख ५५ हजारांचा काहीच पुरावा नाही. पदवी त्याने परत दिली नाही. विद्यापीठात प्रतिज्ञापत्र, तक्रारीची प्रत आणि फी भरून दुसरी काढली. तिच्यावर वरच्या कोपऱ्यात 'दुय्यम प्रत' असं छापलेलं आहे. प्रत्येक इंटरव्ह्यूला त्या दोन शब्दांबद्दल विचारतात, आणि मी प्रत्येक वेळी हेच सगळं पहिल्यापासून सांगतो.