'कॅरी अँड लोवेल': सुफ्यान स्टीव्हन्स यांचा सर्वांत शांत अल्बम

'मिशिगन' (२००३) आणि 'इलिनॉय' (२००५) या अल्बममध्ये अमेरिकेतील एकेका राज्यावर गाणी रचताना अमेरिकी गायक-गीतकार सुफ्यान स्टीव्हन्स बँजो, ट्रम्पेट आणि समूहस्वरांची भरगच्च मांडणी करत असत. २०१० च्या 'द एज ऑफ ॲड्झ'मध्ये ते इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या कल्लोळाकडे वळले. तो अल्बम मला आजही थकवतो.

२०१५ चा 'कॅरी अँड लोवेल' मात्र मी पुन्हा पुन्हा ऐकतो. कॅरी म्हणजे त्यांची आई, जी ते तान्हे असतानाच घर सोडून गेली आणि २०१२ मध्ये वारली. लोवेल हे सावत्र वडील, ज्यांच्यासह त्यांनी 'ॲस्थमॅटिक किटी' ही स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपनी उभी केली. जिची नीट ओळखच झाली नाही, तिच्यासाठी शोक करायचा कसा, हा या अकरा गाण्यांतला खरा पेच आहे, आणि त्याचे सोपे उत्तर ते कुठेही देत नाहीत. तालवाद्ये जवळजवळ नाहीतच. बोटांनी छेडलेली गिटार आणि कुजबुजीइतका हळुवार गळा एवढ्यावरच सारा भार आहे. एका गाण्यामागे वातानुकूलन यंत्राची घरघर तशीच राहू दिली आहे. रात्री हेडफोन लावून ती ऐकताना गायक याच खोलीत, हातभर अंतरावर बसला आहे असे वाटते.

काही चाली एकमेकींच्या फार जवळच्या आहेत, हे खरे. ज्यांना भरघोस वाद्यमेळ आवडतो, त्यांनी आधी 'इलिनॉय' ऐकावा आणि मग सवडीने इकडे यावे.