गिटारचे पॉट: २५० की ५०० किलोओहम?
इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (तारांचं कंपन विद्युत सिग्नलमध्ये बदलणारे भाग) बदलायला घेतले की बरेच जण इथे अडतात: पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे कमीजास्त करता येणारे रेझिस्टर, २५०चे घ्यावेत की ५००चे?

आवाजातला फरक खरा आहे. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असला तरी पॉटमधून थोडा सिग्नल ग्राउंडकडे जातच असतो आणि पिकअपच्या रेझोनन्सचा उंचवटा (ज्या वरच्या पट्टीत तो सर्वात जोरात वाजतो तो भाग) दबतो. २५०मध्ये तो जास्त दबतो, म्हणून सिंगल कॉइलची (एका वेटोळ्याच्या पिकअपची) टोचरी धार मवाळ होते. हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) मुळातच गडद. त्याला ५०० दिले की ट्रेबल मोकळा राहतो. टोन पॉटचा भारही यात धरा. दोन्ही ५००चे असतील तर वरच्या स्वरपट्टीत पिकअपवर साधारण २५०चा भार येतो, दोन्ही २५०चे असतील तर १२५चा.

किंमत, टिकाऊपणा, सोल्डरिंगची मेहनत यांत काही फरक नाही. छापील आकड्यावर मात्र विसंबू नका. २० टक्के कमीजास्त सर्रास चालतं, म्हणजे ५००चा पॉट ४०० भरू शकतो. पाकिटावरच्या 'व्हिंटेज टोन'कडे दुर्लक्ष करा आणि टोकाच्या दोन पायांना मल्टिमीटर लावून बघा.

लवचिकतेत ५०० सरस. त्याला ४७० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडला की सुमारे २४२ मिळतात. २५०चे ५०० करता येत नाहीत.

नुसते सिंगल कॉइल असतील तर २५०, नुसते हंबकर असतील तर ५००. दोन्ही एकाच गिटारवर असतील तर मी ५००च घेईन आणि रेझिस्टर सिलेक्टरमधून (पिकअप निवडायच्या स्विचमधून) फक्त सिंगल कॉइलच्या वेळी जोडेन.