ट्यूडर मुकुट की सेंट एडवर्ड मुकुट?

जुन्या ब्रिटिश लष्करी बिल्ल्याचा काळ ठरवताना मी आधी मुकुट पाहतो. ट्यूडर मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर फुगलेल्या. विसाव्या शतकातल्या राजांच्या काळात, १९५२पर्यंत, तोच चालला. सेंट एडवर्ड मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या. तो एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या राजवटीचा. झिजलेल्या पितळेवर हा फरक पाहायला भिंग हवंच.

मात्र ट्यूडर दिसला म्हणजे बिल्ला जुना, असं धरून चालू नका. चार्ल्स तिसरे यांनी २०२२मध्ये तोच आकार पुन्हा निवडला, आणि जुन्या बिल्ल्यांच्या नकलाही भरपूर आहेत. म्हणून बिल्ला उलटा करा. ठशाने दाबलेल्या पत्र्यामागे पुढच्या नक्षीचा खोलगट ठसा उमटतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, खडबडीत निघते.