आठ महिने एलएचबी डब्यातून अप-डाऊन: ब्रेकला पूर्ण गुण, पण ती काच पुसा
मागच्या महिन्यात वासद स्टेशनवर आमची गाडी ४० मिनिटं उभी राहिली, म्हणून आजच लिहायला बसले. नाहीतर वर्ष पुरं झाल्यावर लिहिणार होते.

वडोदरा ते नडियाद माझं रोजचं अप-डाऊन, तिथल्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. आधी लोकलच्या जुन्या डब्यांतून जायचे. जूनपासून पासवर सुपरफास्टचा अधिभार भरून एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसते. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एलएचबी म्हणजे जुन्या आयसीएफ डब्यांच्या जागी आलेले, जर्मन आराखड्याचे नवे डबे. त्यातले पंखे, आसनं, चार्जिंग सोडून देते. जास्तीचे पैसे मी वेळेसाठी मोजते, आणि वेळेवर पोचायचं तर गाडी जशी पळायला हवी तशी नीट थांबायलाही हवी. म्हणून सगळं ब्रेकबद्दलच लिहिणार आहे.

पहिले दोन महिने माझं मत वाईट होतं. थांबताना असा हिसका बसायचा की उभ्या माणसाचा दांडीवरचा हात सुटावा. एकदा जेवणाच्या डब्यातली आमटी सगळी ओढणीवर आली. दोष मी या डब्यांच्या डिस्क ब्रेकला, म्हणजे चकतीवर दाबणाऱ्या ब्रेकला, दिला आणि घरी सगळ्यांना तसं सांगितलंही. मग एका रविवारी मांजलपूरला काकांकडे गेले. त्यांची सगळी नोकरी डब्यांच्या देखभालीत गेली. ते म्हणाले, "अगं, हिसका ब्रेकचा नाही, दोन डबे जोडणाऱ्या कपलरमधल्या ढिलाईचा. पुढचा डबा थांबतो नि मागचा येऊन त्याला ढकलतो. बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर, म्हणजे कपलरमागे धक्का शोषणारी नवी जोडणी असलेला रेक, डब्यांची अख्खी माळ, लागला की बघ." नोव्हेंबरपासून आमच्या गाडीला दुसरा रेक लागतो आणि हिसका निम्म्याहून कमी झाला आहे. त्यामुळे ब्रेकबद्दलचं ते मत मी मागे घेते.

पावसाळ्यात तर ब्रेक आवडायलाच लागले. जुन्या आयसीएफ डब्यात ब्रेकचा गुटका थेट चाकावर दाबतात, त्यामुळे चाकाचा पृष्ठभाग घासून साफ राहतो, पण तापतंही चाकच. इथे चकती आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, वेगळी बसवलेली असते, चाकाला कोणी घासत नाही, म्हणून ओल्या रुळावर ते घसरण्याची भीती जास्त. त्यासाठी घसरणरोधक यंत्रणा असते. मही नदीचा पूल ओलांडून वासदला थांबताना बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या सांगाड्याच्या, बरोबर वर येणाऱ्या बाकावर बसलं की खालून फुस्, फुस्, फुस् असा हवा सोडल्याचा आवाज येतो. चाक अडकतंय असं वाटलं की ब्रेकची हवा क्षणभर सोडायची आणि परत धरायची, हे त्या यंत्रणेचं काम. अडकलेलं चाक रुळावर घासलं तर एका जागी चपटं होतं आणि मग मैलोन् मैल ठक-ठक करत राहतं. आठ महिन्यांत आमच्या डब्याखाली ती ठक-ठक मी एकदाही ऐकली नाही.

आता वासदचं. गाडी सुटल्यापासून जळका वास येत होता, जुन्या स्कूटरचा क्लच जळावा तसा. फलाटावर उतरलो तर मागच्या बोगीखालून धूर. ब्रेक सुटलाच नव्हता, चकतीला दोन्हीकडून दाबणारे पॅड तिला धरूनच राहिले होते. टॉर्च घेऊन एक कर्मचारी वाकला, त्याच्या मागून मीही वाकून पाहिलं. दोन चाकांच्या मधोमध, हातभरापेक्षा मोठी, अर्ध्या वितीएवढ्या जाडीची चकती, दोन तोंडांच्या मध्ये हवा खेळायला पोकळ्या, आणि कडेला निळसर झाक. त्याने ब्रेक हाताने सोडायची रिलीज वायर ओढली, काही झालं नाही. मग कॉक फिरवून त्या बोगीचा ब्रेक वेगळा केला, तेव्हा कुठे हवा सुटली.

तो डबा आता महिनोन् महिने दिसणार नाही असं मी धरून चालले होते. क्रमांक टिपून ठेवला होता. नवव्या दिवशी तोच डबा आमच्या गाडीला, त्याच जागी. मला राग आला, कारण चकती न बदलता परत लावला असणार असं वाटलं. परत काकांकडे गेले.

काका म्हणाले, "बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना पाहिलीस? लोहार ती लाल करतो, ती फुगते, चाकावर बसते आणि गार झाली की आवळते. ब्रेकची चकती दर स्टेशनला धावेसारखी तापते नि गार होते. आसावर घट्ट आवळून बसवलीस तर एक दिवस तडकेल."

म्हणून ती घट्ट बसवतच नाहीत. बाहेरची कडी बिडाची, आसावर बसणारा आतला हब ओतीव पोलादाचा, आणि दोघांच्या मध्ये चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या लवचिक स्लीव्ह, म्हणजे छोट्या नळ्या, बोल्टने धरलेल्या. कडी तापली की त्या आऱ्यांवरून सगळीकडे सारखी बाहेर सरकते, केंद्र हलत नाही, हबवर ताण येत नाही. मी घरी आकडेमोड केली. ६४० मिलिमीटर व्यासाची बिडाची कडी ३०० अंशांनी तापली तर व्यास सुमारे २ मिलिमीटर वाढतो. लोखंडाला २ मिलिमीटर अडवून धरणं म्हणजे काय, हे मी नववीला शिकवते. आणि उष्णता थोडी नसते: ५० टनांचा भरलेला डबा ताशी ११० किलोमीटरवरून थांबवायचा तर सुमारे २.३ कोटी ज्यूल मुरवावे लागतात. डब्याला आठ चकत्या, प्रत्येकीच्या वाट्याला २९ लाख. लिटरभर पाणी उकळून पातेलं पार कोरडं करायलाही एवढी लागत नाही.

पॅड धरणारा कॅलिपरही बोगीच्या सांगाड्याला तीन ठिकाणी टांगलेला असतो, कारण आस स्प्रिंगवर वरखाली आणि थोडा बाजूला हलतो. पॅडला चकतीमागे जाता आलं पाहिजे. तपासणीत चकतीवर केसासारख्या चिरा चालतात, आरपार गेलेली चालत नाही. आमच्या डब्याची तपासून पास झाली असणार. माझा राग निवळला.

एका गोष्टीवरचा मात्र निवळलेला नाही. डब्याच्या कुशीला खालच्या अंगाला एक छोटी खिडकी असते: ब्रेक लागला की लाल, सुटला की हिरवा. वासदला मी ती पाहिली. काचेवर धुळीचा असा थर होता की लाल की हिरवा हे टॉर्च टेकवूनही कळेना. वडोदऱ्याहून गाडी सुटताना ती काच स्वच्छ असती तर लाल रंग तिथेच दिसला असता. लवचिक स्लीव्हपर्यंत विचार केलेला डबा, आणि चार रुपयांच्या फडक्यावाचून ४० मिनिटं! मी तक्रार नोंदवली. गाडी अजून वासदलाच उभी असताना 'तक्रार निकाली काढली' असा मेसेज आला. अधिभार मी दर महिन्याला भरते, तेव्हा पुन्हा नोंदवली, फोटोसकट. मग दर आठवड्याला.

काल वडोदऱ्याला तो डबा परत लागला होता. फलाटाच्या बाजूची काच पुसलेली, हिरवा लख्ख दिसत होता. गाडी सुटायला वेळ होता म्हणून जिना चढून पलीकडच्या फलाटावरून दुसरी बाजू पाहिली. तिथली धूळ तशीच आहे. त्या बाजूचा फोटो आज सकाळी पाठवला.