मंदीत ज्येष्ठांच्या वसाहतीत घर घेतलं, एक पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

बेळगावहून खानापूरच्या बाजूला ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेल्या एका वसाहतीत आम्ही दोघांनी टू बीएचके घेतलं, अख्खा पावसाळा तिथं राहून काढला, आता लिहायला हरकत नाही. नाव लिहीत नाही. शहापूरच्या आमच्या गल्लीतले, ह्यांच्याबरोबर नोकरी केलेले, लग्नकार्यात भेटणारे, जो तो विचारतोय, "मामी, तिकडं घर घेतलासा म्हणे? रेट पडलेत, आम्ही पण घेऊ काय?" म्हणून सगळं एकदाच लिहिते.

पाचपैकी मार्क द्यायचे तर घराला चार, नर्स आणि रात्रीच्या सोयीला पाच, जेवणाला तीन आणि मेंटेनन्सच्या हिशोबाला दोन.

आधी रेटचं बोलूया कारण सगळे तिथंच अडकतात. मार्केट थंड आहे हे खरं, पण बिल्डर रेटकार्डावरचा आकडा खाली आणत नाही, कारण आणला की आधी घेतलेले ऑफिसात येऊन बसतात. तो मॉड्युलर किचन देतो, एसी देतो, रजिस्ट्रेशनचा खर्च आमच्याकडे म्हणतो. आम्ही म्हटलं किचन नको, एसी तर बेळगावात नकोच, त्याऐवजी दोन वर्षांचं मेंटेनन्स आणि कॉर्पसची (पुढच्या मोठ्या खर्चासाठी आधीच एकरकमी घेतात ती) रक्कम किमतीत धरा, आणि ते त्यांनी मान्य केलं. आणखी एक, सौदा स्वस्तात झाला म्हणून स्टॅम्प ड्युटी कमी लागेल असं समजू नका. सरकारचा गाईडन्स व्हॅल्यू (त्या भागासाठी सरकारनं ठरवलेला किमान दर) आणि तुमची किंमत ह्यात जे जास्त त्यावर ड्युटी लागते, गाईडन्स व्हॅल्यू कर्नाटकात ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढवलाय, आणि नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्याची २ टक्के झालीय. भाव पडले तरी हे आकडे आपोआप पडत नाहीत.

मुलगा पुण्यात, तो म्हणायचा आई थांब, अजून पडेल. त्याचं त्याच्या वयाला बरोबर आहे. पण ह्यांचे गुडघे आणि आमच्या शहापूरच्या घराचा तो अरुंद उभा जिना, रात्री बाथरूमला खाली उतरताना मी रोज जागी असायची, आम्ही कुठल्या तळाची वाट बघायची? शिवाय जुनं घर विकूनच नवं घ्यायचं होतं, आणि मंदी काय फक्त नव्या घराला नसते, आमच्या जुन्या घराचं गिऱ्हाईकही तितकंच घासाघीस करत होतं. जुन्याचे किती आले आणि नव्याला किती गेले ह्यातला फरक तेवढा बघायचा. आणि जुनं विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर कॅपिटल गेन टॅक्समध्ये, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरच्या करात, सूट मिळते, त्यामुळे पैसे हातात आल्यावर फार रेंगाळू नका, सीएला विचारून तारखा लिहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, जी मला मनापासून सांगायचीय. घर बघायला दिवसा जाऊ नका, रात्री आठला जा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते बघा. आमच्याकडे विकली गेलेली घरं बरीच आहेत, पण दिवा लागतो निम्म्याहून कमी घरांत. बाकीची पुणे, बेंगळूर, दुबईतल्या मुलांनी आईवडलांसाठी पुढे कधीतरी म्हणून किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेली आणि काही बिल्डरकडेच पडून. साध्या अपार्टमेंटला शेजारचा फ्लॅट बंद असला तर काय बिघडत नाही. पण इथं नर्स, स्वयंपाकी, वॉचमन, लिफ्ट, जनरेटर, गाडीचा ड्रायव्हर हा खर्च माणसं कमी आहेत म्हणून कमी होत नाही. रात्रपाळीची नर्स चाळीस जणांना एकच लागते आणि शंभर जणांनाही एकच लागते. तो खर्च मग राहणाऱ्यांच्या डोक्यावर येतो. एप्रिलमध्ये मेंटेनन्स वाढवलं तेव्हा बंद घरवाल्यांनी सरळ कळवलं की आम्ही राहतच नाही तर नर्सचे पैसे का द्यायचे. बिल्डरच्या माणसाने आम्हाला हिशोब म्हणून एक पान दिलं, त्यात "सर्व्हिसेस" नावाची एकच मोठी रक्कम. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, असला कागद कुणी माझ्यासमोर ठेवला असता तर सही झाली नसती, इथंही केली नाही. डिझेलची बिलं मागितली, पगारपत्रक मागितलं, दोन महिने मागत राहिलो तेव्हा मिळालं आणि वाढ थोडी खाली आली. मंदीत वसाहत भरायला वर्षं लागतात, म्हणजे हे भांडण तुमच्याही वाट्याला येणार हे धरूनच हिशोब करा.

आम्हाला वाचवलं ते ॲग्रीमेंटमधल्या एका कलमानं. न विकलेल्या घरांचं मेंटेनन्स बिल्डरनं भरायचं, हे आमच्या वकिलांनी सही करायच्या आधी घालून घेतलं होतं, आणि बंद घरालाही पूर्ण चार्ज हेही. दोन्ही घालून घ्याच. रेरा, म्हणजे घरबांधणी करणाऱ्या बिल्डरांसाठीचा कायदा, २०१६ चा आहे, त्यात असोसिएशनकडे ताबा जाईपर्यंत आवश्यक सोयी वाजवी दरात चालू ठेवायची जबाबदारी बिल्डरची, बांधकामातला दोष ताबा दिल्यापासून ५ वर्षांत दाखवला तर ३० दिवसांत फुकटात दुरुस्ती, आणि रजिस्टर्ड ॲग्रीमेंट व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. आमच्या उत्तरेकडच्या भिंतीला जुलैत ओल आली, फोटो काढून मेल केला, माणूस आला, बाहेरून केमिकल मारून गेला, पुढच्या मोठ्या पावसात परत बघितलं तर भिंत कोरडी. हे चांगलं केलं त्यांनी, तेही लिहायला पाहिजे.

विकायचं कसं हे घ्यायच्या आधी विचारा. आमच्याकडे राहणाऱ्या जोडप्यातला एकजण तरी पंचावन्नच्या वरचा पाहिजे असा नियम, म्हणजे आमच्यानंतर मुलाच्या नावावर घर होईल पण तो राहू शकणार नाही, विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं तर परत ज्येष्ठांनाच, आणि विकताना बिल्डरच्या कंपनीला ट्रान्सफर फी. चांगल्या काळात गिऱ्हाईक मिळतं, पडत्या काळात बिल्डरच स्वतःची नवी घरं सवलतीत विकत असतो, मग आपलं जुनं कोण घेणार. फी किती ते आकड्यात लिहून घ्या, "त्या वेळच्या नियमानुसार" असं असेल तर खोडायला लावा. कुणी विक्रीऐवजी लीज आणि मोठं डिपॉझिट असं सुचवलं तर डिपॉझिट परत कधी मिळणार ते वाचा, एका ठिकाणी आम्हाला दाखवलेल्या कागदात "पुढचा रहिवासी आल्यावर" असं होतं. मंदीत पुढचा रहिवासी कधी येणार? आम्ही तिथूनच उठलो.

कागदांचं म्हणाल तर आपल्या भागात जास्त जपायला पाहिजे. शहराबाहेरची बरीच जमीन ग्रामपंचायतीत येते, तिथं ई-स्वत्तूचा (पंचायतीतल्या मिळकतींची ऑनलाईन नोंद) ९ नंबर आणि ११-ए बघायचा, ११-बी, म्हणजे मंजुरी नसलेल्या मिळकतीचा उतारा, असेल तर आधी वकील गाठायचा. एनए (बिनशेती) झालेली ऑर्डर, लेआउट मंजुरी, ईसी (मिळकतीवर बोजा आहे का त्याचा दाखला), आणि ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आहे का. ओसी आलेलं तयार घर घेतलं तर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असलेल्याला ५ टक्के, ४५ लाखांच्या आतल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का. पण जीएसटीपेक्षाही मंदीत काम अर्धवट राहायची भीती मोठी, आपल्या वयात पाच वर्षं थांबायला कुणाला परवडतंय, म्हणून तयारच घ्या. उतारा, खरेदीखत सगळं कानडीत. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. आम्ही वकिलांच्या ऑफिसात बसून एकेक ओळ वाचून घेतली, ते वाचायचे, मी मराठीत वहीत लिहायची, ती वही अजून कपाटात आहे. वसाहतीतल्या नोटिशी मात्र कानडी आणि इंग्रजीतच लागतात. पाणी बंद, गेट बंद असलं तरी मराठी लावा हे आम्ही लेखी मागितलंय, अजून झालेलं नाही. तोपर्यंत शेजारच्या कानडी अक्का सकाळी दारात येऊन वाचून सांगतात, त्यांचं आमचं घरच्यासारखं झालंय.

घराबद्दल थोडक्यात. दार ९० सेंटीमीटरचं आहे का ते स्वतः टेप लावून बघा, व्हीलचेअर गेली पाहिजे. आमचं मुख्य दार आणि बेडरूमचं आहे, बाथरूमचं कमी होतं, आत उघडत होतं, माणूस आत पडला तर दार अडकतं, आम्ही ते सरकतं करून घेतलं. हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) लाईट गेली की जनरेटर लगेच लागतो, पण नुसता लिफ्ट आणि कॉरिडॉरला असेल तर उपयोग नाही, बेडरूममधल्या एका सॉकेटला तरी पाहिजे, शेजारच्या काकांचं ऑक्सिजन मशीन त्यावरच चालतं. पाणी बोअरचं, फिल्टर स्वतःचा बसवा.

नर्सला पाचपैकी पाच का, तर ह्यांची शुगर एकदा पहाटे उतरली, बेल दाबली आणि ती मुलगी चप्पल न घालता पळत आली, हातात ग्लुकोज, दोन मिनिटंही झाली नसतील. मुलं जवळ नसलेल्या माणसाला ह्याची किंमत काय ते मी वेगळं सांगायला नको. मोठ्या दवाखान्याला मात्र नेहरूनगरपर्यंत अख्खं बेळगाव ओलांडायला लागतं, संध्याकाळी आरपीडी, गोवावेसच्या गर्दीत गाडी अडकते, हार्टचं दुखणं असलेल्यांनी हा विचार नक्की करावा.

जेवण ठीक. सकाळी उप्पीट, दुपारी भाकरी आमटी चांगली, रात्री तोच भात आणि पातळ सार. वीकेंडला मुलं आली की पंगतीत कुंदा येतो.

आम्ही शिनोळीकडेही चौकशी केली होती, वेंगुर्ला रोडनं हद्द ओलांडली की महाराष्ट्र, सातबारा मराठीत, वाचायला किती बरं वाटतं. महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी वेगळे नियमही केलेत, लिफ्ट, रॅम्प, दारांची रुंदी सगळं त्यात आहे, कर्नाटकात बिल्डरशी बोलतानाही तीच यादी समोर ठेवता येते, आम्ही ठेवली. पण दवाखाना, बाजार, माणसं सगळी बेळगावातच, आणि इकडे शक्ती योजनेत आम्ही बायका आधार दाखवून सरकारी बसनं फुकट जातो, शनिवारी भाजी आणायला आमचा सहा-सात जणींचा घोळकाच असतो. म्हणून इकडेच राहिलो.

कुणाला यायचंच असेल तर गेस्टरूम मिळते, चार दिवस पैसे भरून राहून बघा. जुलै-ऑगस्टमध्येच मागा, जानेवारीत सगळी घरं कोरडी असतात. रात्रीचं जेवण घ्या, आणि ऑफिसवाल्यांशी कमी, बाकावर बसलेल्या माणसांशी जास्त बोला, मागच्या एप्रिलला मेंटेनन्स किती वाढलं एवढं विचारलं तरी पुरे, ते पुढचं सगळं सांगतील.