बिडाच्या नावाखाली काँक्रीट

मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्यांनो, ट्रॅक्टरच्या चाकाला वजनं घेताय तर आधी काट्यावर चढवा, मगच पैसे द्या. माझे १९,९०० रुपये गेलेत.

माझा मिनी ट्रॅक्टर हलका. ओल्या रानात कल्टिव्हेटर लावला की मागची चाकं जागीच फिरायची. भिवंडीच्या एका गोदामवाल्याने बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं दिली. ४० किलोचे चार नग, ११० रुपये किलो. वजनांचे १७,६००, बोल्टचे ९००, टेम्पोचे १,४००. हातात कच्ची पावती.

त्याच्या पोराने एक वजन एका हाताने उचलून टेम्पोत टाकलं. ४० किलो असं कोण उचलतं? पडल्यावर आवाजही ठण्ण नाही, भद्दकन आला. तिथेच थांबायला हवं होतं, हे रोज डोक्यात येतं. पण पाऊस तोंडावर होता, आणि मी विचारताच त्याने लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटलं की! कोणीही विश्वास ठेवला असता.

शेतात चाकं तशीच घसरली. गिरणीच्या काट्यावर एक नग भरला १७ किलो. रंग खरवडला तर वर पातळ पत्रा, आत काँक्रीट. चुंबक पत्र्याला चिकटत होतं! त्यावर जाऊ नका, हातोडी मारून आवाज ऐका.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, "दिवाणी मामला आहे, आणि गोदाम आमच्या हद्दीत नाही." खोटा माल खरा म्हणून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे जुनं ४२०, मग कशासाठी आहे? वजनमापाच्या कार्यालयात पक्कं बिल मागितलं. ते असतं तर तो सापडला नसता का? एका साहेबांनी तर ट्रॅक्टर म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही, असं सुनावलं. स्वतः राबून पोट भरणारा ग्राहकच असतो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय. राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रारही करता येते. कोणी सांगत नाही.

पक्कं जीएसटी बिल नसेल तर मागे फिरा. नुसती पकड वाढवायची तर व्हॉल्व्ह वर ठेवून मागच्या ट्यूबमध्ये पाऊण पाणी भरा, आपल्याकडे ते गोठत नाही. चिखलणीला केजव्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्याची चाकं, लावा.

त्या गोदामातून आणखी कोणी वजनं घेतली असतील तर पावती जपून ठेवा. ग्राहक आयोगात एकत्र तक्रार करता येते, मी करणार आहे.